रुमालाखालची चार बोटं

सांगलीच्या यार्डात तेव्हा हळदीचा भाव
तोंडानं बोलला जात नसे.
रुमाल पसरायचा, त्याखाली हात हातात घ्यायचा
आणि बोटं दाबायची.
बघणाऱ्याला दिसायचं फक्त कापड हलताना.
अण्णा तोलार. ते सांगायचे:
एक बोट म्हणजे चेष्टा, दोन म्हणजे विचार करतो,
तीन म्हणजे उद्या या,
चार दाबली की पोतं गेलं.

मी मिरजेत, फाटकापलीकडच्या लॅबमध्ये, काचपट्ट्या वाचते.
दुभंगणाऱ्या पेशी मोजते, हातात टिकटिक करणारा आकडेमोजा घेऊन.
दुभंगण्याआधी सगळ्या जोड्या मधोमध रांगेत येतात,
बहिणीला बहीण चिकटून, कमरेला एकच कडं.
कडं कापणारी कात्री तिथंच असते
पण तिच्या पात्यांत एक जण आडवा बसलेला:
सेक्युरिन.
शेवटच्या जोडीला दोन्हीकडून दोरी लागेपर्यंत
तो हलत नाही, त्याला कोणी हलवत नाही.
सेहेचाळिसातल्या पंचेचाळीस लागल्या, तरी नाही.

मग शेवटची दोरी ताणते,
आणि त्याच्या पाठीवर
युबिक्विटिनची बोटं दाबली जातात.
एक. दोन. तीन. चार.
ठरलं.
तो गिरणीत जातो, चुरा होऊन बाहेर पडतो.
कात्री मिटते, बहिणी सुटतात.
त्याच घाईत सायक्लिनही पुसलं जातं,
यार्डातल्या फळ्यावरचा कालचा भाव पुसावा तसं;
तो पुसल्याशिवाय दुसरा दिवस उजाडत नाही.

खरं तर यातलं मी काहीच पाहिलेलं नाही.
काचेवर येतात त्या पेशी फॉर्मलिनमध्ये थिजलेल्या.
मला दिसतं आधीचं आणि नंतरचं.
मधलं सगळं रुमालाखाली.

अण्णांचा मणका खचला तेव्हा
आम्ही म्हटलं, तराजूपाशी जन्म गेला, होणारच.
त्यांच्या मज्जेची काचपट्टी मी वाचली नाही.
भोसेकर सरांनी वाचली,
आणि न विचारता माझ्यासाठी चहा मागवला.

आता दर मंगळवारी पोटात सुई.
सालोमी सिस्टर चिमटीत कातडी धरतात, म्हणतात,
भुजगोंडा पाटील, श्वास सोडा.
"काय करतंय गं त्ये औषध?"
मी सांगितलं गिरणीचं.
म्हटलं, हे औषध गिरणीच्या तोंडात लाकूड घालतं.
"म्हंजी मोडतोड बंद?"
बंद.
"मग तूच तर म्हणतीस, मोडल्याबिगर पेशी चालत न्हाई."
मी गप्प. पंख्याला एक पातं कमी होतं,
तो डुगडुगत फिरत होता.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"हमालांचा संप आठवतोय?
तू चौथीत असशील.
अकरा दिवस कुणी पोतं हलवलं न्हाई, तराजू उलटा टांगलेला.
तातोबा गेटवर बसून बिड्या वळायचा.
गाड्या येतच राहिल्या. माल माळ्यावर, जिन्यात,
शेवटी पेढीच्या गादीवर.
बारक्या अडत्यांनी काढला कसातरी दम.
ज्यो सगळ्यात जास्त माल भरायचा,
त्याला दारातनं बाहेर पडता येईना."

पुस्तकात याला दीड पान लागतं:
रोगट पेशी रात्रंदिवस प्रथिनं घडवतात,
आणि उकिरडा उपसला गेला नाही की
पहिल्या त्याच गुदमरतात.
मी म्हटलं, हो. अगदी असंच.
"मग करू दे संप," म्हणाले.

संपाची झळ हमालाच्या घरीही लागतेच.
त्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात,
चप्पल पायात आहे की नाही, खाली बघावं लागतं.
हाताच्या बोटांतही उतरतंय म्हणतात.

संध्याकाळी कोल्हापूरची पॅसेंजर जाताना
खिडकीची काच थरथरली.
चादरीखालून त्यांनी माझा हात शोधला.
दाबलं एक बोट.
दुसरं.
मी फाटकाच्या घंटेकडे कान लावून बसले.
तिसरं, जरा उशिरा.
मग हात सोडला,
आणि कुशीवर वळून झोपले.